जळजळ थांबली तेव्हा

“जेवण झाल्यावर काय करता?” डॉक्टरांनी विचारलं.

“वाजवतो,” बाबाजान म्हणाला.

डॉक्टरांना उलगडा होईना. मग रोशनबीनं पदर सावरत सांगितलं, “बँडमधी क्लॅरिनेट वाजवत्यात, साहेब. आमच्या तिसगावच्या बँडमधी. लग्नसराईत रोजची वरात आसती.”

नवराबायको नगरला आली होती ती घास अडकतो म्हणून. डॉक्टर मात्र जुन्या जळजळीच्याच मागे लागले होते. छातीत जळायचं की पोटात? उपाशीपोटी की जेवल्यावर? वाकलं की वाढायचं? तोंडाला आंबट पाणी यायचं? आजवर कुणी एवढं विचारलं नव्हतं. गावात ‘पित्त’ म्हणून गुलाबी औषधाची बाटली मिळे, की झालं.

“तिखट किती खाता?”

रोशनबीची मान खाली गेली. याच प्रश्नाला ती इतकी वर्षं भीत आली होती. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातच्या ठेच्याचं आळीत नाव होतं. पहिल्यांदा छातीत जळजळलं तेव्हा बाबाजान हसत म्हणाला होता, “तुझ्या हाताची आग हाय ही!” तो बोलून विसरला. ती विसरली नाही. तिनं आधी ठेचा बंद केला, मग लाल तिखट, मग लसूण. थोरला फैयाज ताटावरून उठे, “अम्मी, घरात काय समदेच आजारी हायेत का?” सासू तर मरेपर्यंत म्हणत राहिली, “माझ्या पोराचं काळीज जाळलं हिनं.” एवढं करूनही जळजळ हटेना, तेव्हा आपल्या हातातच काही खोट असावी असं रोशनबीला वाटू लागलं होतं.

“मिरची घरातनं कवाच गेली, साहेब,” ती पुटपुटली.

“मग दुसरं बघू. बँडवाल्यांना जेवायला कधी मिळतं?”

बाबाजान खुलला. “समद्यांच्या शेवटी! वऱ्हाडाच्या पंगती उठल्या की आमी. पुऱ्या, बुंदी, तर्रीदार वांगं. भुकेनं कावलेलं मानूस, दाबून खातो. हात वाळत न्हाई तवर नवरदेव घोड्यावर. मग मारुतीपस्तोर फुंकायचं.”

“आणि त्यानंतर?”

“टेम्पोत ढोलाला डोकं लावून आडवं. गाव आलं की उठायचं.”

डॉक्टरांनी कागदावर पोट काढलं, वर नळी काढली. पोटाच्या तोंडाशी एक झडप असते, ती सैल झाली असावी. भरल्या पोटी फुंकायचं आणि लगेच आडवं व्हायचं, म्हणजे आतलं आम्ल वर चढत राहणार, असं समजावलं. रोशनबी त्या चित्राकडे बघत राहिली. त्यात मिरची कुठंच नव्हती.

“हल्ली किती जळतं?”

“हल्ली जळतच न्हाई!” बाबाजान अभिमानानं म्हणाला. “मागच्या उरुसाआधीच थांबलं. दर्ग्यात मलिदा वाटला आमी. हिनंच केल्ता, तुपातला. आता फकस्त घास आडकतो. दुधात कुस्करलेली भाकर बी उतरत न्हाई.”

डॉक्टरांचं पेन कागदावर तसंच थांबलं. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, “दुर्बीण घालून बघावं लागेल.”

दुर्बीण झाली. आतला तुकडा तपासायला पुण्याला गेला. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी बाबाजानला बाहेर बसायला सांगितलं. तो उठला नाही.

“हितंच सांगा, साहेब. तिच्या एकटीवर नका टाकू.”

डॉक्टरांनी सांगितलं. वर्षानुवर्षं जळून नळीचं आतलं अस्तर बदललं होतं. त्या नव्या अस्तराला आग फारशी कळत नव्हती, म्हणून बरं वाटलं. तिथंच गाठ धरली होती. ती पसरली होती, आणि ऑपरेशन करून उपयोग नव्हता.

“म्हंजी आमी मलिदा वाटला तवा...” रोशनबी म्हणाली.

एस्टीत दोघं शेजारी बसली. करंजीचा घाट लागला. बाबाजान खिडकीबाहेर बघत म्हणाला, “तुझं तिखट न्हवतं गं ते.”

इतकी वर्षं ती या एका वाक्याची वाट बघत होती. ते आलं, आणि त्याचं आता काय करायचं हे तिला कळेना.

घरी आल्यावर त्यानं पायही धुतले नाहीत. चुलीजवळ येऊन बसला. “रोशन, आज ठेचा कर. पैल्यासारखा.”

शेजारच्या रंगुबाईच्या परसातून तिनं मिरच्या मागून आणल्या. तव्यावर टाकल्या तसा खकाणा उठला आणि भिंतीपलीकडे रंगुबाई खोकू लागली. “आगं रोशनबी, किती वर्सांनी गं! कोन पाव्हनं आलंय का?”

“व्हय,” रोशनबी म्हणाली.

तिनं बत्त्यानं ठेचा रगडला, वर तेलाची धार सोडली आणि ताटली त्याच्यापुढे ठेवली. बाबाजाननं बोटाच्या टोकावर एवढासा घेतला, जिभेवर ठेवला आणि ओठ मिटले, क्लॅरिनेट तोंडाला लावताना मिटायचा तसे. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“तसाच झालाय,” तो म्हणाला. “अगदी तसाच.”

त्यानं गिळला नाही. रोशनबी पाण्याचा तांब्या आणि मोरीतलं घमेलं घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. त्याच्या तोंडातली चव संपेपर्यंत ती तशीच उभी होती.