टॉवेलाचे दांडे

खटपट्याला सरळ बोलून कुठलीच गोष्ट करायची सवय नव्हती. गॅरेजात तो गाड्यांचे सायलेन्सर जोडायचा आणि उरलेल्या वेळात लोकांच्या फिरक्या घ्यायचा. पन्नाशी उलटलेल्या या माणसानं एकदा मालकाच्या खुर्चीचे पाय रोज नखभर घासत आणले होते. महिनाभरानं मालक डॉक्टरकडे जाऊन विचारून आला, की माणूस या वयात पुन्हा बुटका होतो का. त्यामुळे घरात आईसाठी आधाराचे दांडे बसवायची वेळ आली, तेव्हा हा गडी आडवाटेनंच जाणार हे ठरलेलंच होतं.

आई बाथरूमच्या दारात घसरली होती. तिच्या मते ती घसरली नव्हती, "जरा बसले होते". डॉक्टरांनी मात्र खटपट्याला बाजूला घेऊन सांगितलं, की हाडं बिस्किटासारखी ठिसूळ झालीत, आणखी एकदा अशाच बसल्या तर उठायच्या नाहीत. पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला दांडे लावून घ्या. घरी येऊन त्यानं नुसता विषय काढला.

"दांड्याला लोंबकळत जायला मी काय बसमध्ये उभी आहे?" आई म्हणाली, आणि विषय संपला. लेकीनं पाठवलेली काठी तर तिनं आधीच जळमटं काढायच्या कामाला लावली होती.

दुकानात असले दांडे तयार मिळतात, चकाचक. खटपट्यानं किंमत ऐकली आणि दुकानदाराला म्हणाला, एवढ्यात तर मी आईला जन्मभर कडेवर घेऊन फिरवीन. मग तो भंगारवाल्याकडे गेला. कुणाच्या तरी जिन्याचा मोडका कठडा वजनावर घेतला, गॅरेजात त्याचे पाच तुकडे केले, टोकांना चार-चार भोकांच्या गोल चकत्या वेल्ड केल्या आणि पॉलिश पेपरनं ते असे घासले, की हात फिरवला तर कुठं टोचू नये. रंग घरात होताच, खिडक्यांचा उरलेला.

घरी त्यानं जाहीर केलं, की भिंत रंगवायला काढलीय आणि त्याच हातासरशी टॉवेलाला दांडे लावतोय. भिंतीला खरंच रंगाची गरज होती. आई तळवा टेकत टेकत चालायची, त्याचा एक काळपट पट्टा पलंगापासून बाथरूमपर्यंत गेला होता. खटपट्यानं एका दुपारी तो पट्टा गडप केला आणि भिंत लख्ख झाली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

राहता राहिली उंची. आईलाच उभं करून माप घ्यावं तर बिंग फुटणार. पण आईनं तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते, आणि तिची मापांची वही अजून कपाटात होती. शेवटच्या पानांवर घरातल्या सगळ्यांची मापं, त्यात तिचं स्वतःचंही. कंबर ते जमीन, इंचाच्या पावापर्यंत. खटपट्यानं गुपचूप ते उतरवून घेतलं. आईला आईच्याच वहीत गाठलं, म्हणून दिवसभर गालातल्या गालात हसत होता.

भिंतीत ड्रिलनं भोकं पाडली, गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले. टॉवेलाच्या दांड्याला टॉवेल पेलला की झालं, पण याला माणूस पेलायचा होता. म्हणून पहिल्या दांड्याला तो स्वतः गुडघे वर घेऊन लटकला. बायको चहाचा कप घेऊन बघत उभी राहिली. दांडा मूठभर प्लॅस्टरसकट बाहेर आला आणि खटपट्या बुडावर असा आदळला, की स्वयंपाकघरातली भांडी वाजली.

"काय पडलं रे?" आतून आई.

"टॉवेल पडला."

मग आई म्हणाली, "ओला असेल."

बायकोला हसून हसून कप खाली ठेवावा लागला. खटपट्यानं कंबर चोळत भिंत बोटांनी ठोकून पाहिली, कलिंगड ठोकावं तशी. जिथं पोकळ वाजली ती जागा सोडली, भरीव जागी लांब स्क्रू घातले आणि पुन्हा लटकला. या वेळी भिंत हूं की चूं करेना. संध्याकाळपर्यंत पाचही दांडे लागले आणि प्रत्येकावर एकेक टॉवेल आला.

"घरात माणसं तीन आणि टॉवेल पाच," बायको म्हणाली. "अहो, धर्मशाळा उघडताय का?"

दांड्यांना आईनं हातही लावला नाही. चार दिवस गेले, तरी आपली भिंतीला तळवा टेकून चालतेय. खटपट्या बायकोपाशी कुरकुरला, की म्हातारी हट्टाला पेटलीय. बायको म्हणाली, हट्ट कुणाकडून कुणाकडे आला ते मला माहितीय.

पाचव्या दिवशी सकाळी तो फडकं घेऊन बसला. नव्या रंगावर पुन्हा बोटांचे डाग उमटायला लागले होते आणि सगळे दांड्याच्या खाली होते. चार बोटं खाली, एका ओळीत. तो ते पुसत असतानाच आई बाथरूमकडे निघाली. दाराशी तिचा पाय जरा सरकला. हात आधार शोधत भिंतीवर फिरला, दांड्याच्या खालून गेला आणि मोकळाच राहिला. शेवटी चौकट सापडली. सगळं मिळून दोन श्वासांचं काम, पण तेवढ्यात खटपट्या फडकं टाकून उठला होता. आडवाट तिथंच संपली.

"आई, तो टॉवेलासाठी नाहीये. तुझ्यासाठी लावलाय."

"माहितीय. टॉवेल पडल्यावर भांडी वाजत नाहीत."

"मग धरत का नाहीस?"

"धरला की खांदा कानाला लागतो. उंच झालाय तुझा दांडा."

शक्यच नाही, तो म्हणाला, माप अगदी बरोबर घेतलंय. कुठून, तिनं विचारलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यानं वही आणून दिली. आईनं पलंगावर बसून चष्मा लावला आणि पान लांब धरून बघितलं.

"हे तुझ्या लग्नाच्या वेळचं," ती म्हणाली. शाळेतल्या पोरांची मापं ती दरवर्षी नव्यानं घ्यायची, कारण पोरं वाढतात. स्वतःचं एकदा घेतलं ते घेतलं. मग वही मिटून ती त्याच्याकडे बघत राहिली. "एवढे गणवेश शिवणारीचा मुलगा तू. माप माणसाचं घेतात. वहीचं काय घेतोस?"

ती उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. टेप आण म्हणाली. चपला पायात ठेवूनच माप घे, बाथरूमला मी अनवाणी जात नाही. खटपट्या गुडघ्यांवर बसला. आजवर त्याची मापं तिनंच घेतली होती, त्यामुळे टेप कुठून धरायची तेही त्याला सुचेना. तिनंच टोक पकडून कमरेशी धरलं.

"जरा सरळ उभी राहा ना."

"सरळच उभी आहे. आता हे माझं सरळ."

त्यानं आकडा वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग पेन्सिलीनं भिंतीवर खूण केली.

तीन संध्याकाळी गेल्या. सगळी जुनी भोकं व्हाइट सिमेंटनं बुजवली, नवी पाडली. आई खुर्ची टाकून देखरेखीला बसली होती. पलंगाजवळचा दांडा तिनं आणखी खाली घ्यायला लावला, कारण तिथं बसल्या जागेवरून उठायचं असतं आणि तेवढी अक्कल तिच्या या इंजिनियरला नव्हती. बुजवलेल्या भोकांवर रंगाचे ठिपके पडले, भिंत गोवर आल्यासारखी दिसायला लागली. बायको म्हणाली, राहू दे, कळू दे कोणी केलंय ते.

चौथ्या दिवशी आई एकटीच निघाली. एक हात दांड्यावर, मग पुढच्या दांड्यावर, खांदे आपल्या जागी. खटपट्या पान्हा शोधायचं सोंग करत मोरीपाशी घुटमळत होता. ती जाऊन आली, पलंगावर टेकली, धाप लागली होती पण चेहऱ्यावर दाखवली नाही.

"स्वयंपाकघराकडे कधी लावतोयस?" तिनं विचारलं. "चहा काय जन्मभर इथं बसूनच मागायचा?"

पाइप संपलाय, उद्या आणतो, तो म्हणाला.

"बरं. मग परवा मी करते चहा."

त्यानं टेप खिशात टाकली आणि स्वयंपाकघराची भिंत ठोकून बघायला गेला.