कप्तानाची मान

बांधकामावर सगळे त्याला कप्तान म्हणत. हे नाव त्याने स्वतःच पसरवलं होतं, आणि ते आठवलं की त्याला आपलंच हसू येई. कप्तानाचं जहाज म्हणजे दांडग्या चाकांची, पुढच्या दोन काट्यांवर माल उचलून खाचखळग्यांतून चालणारी फोर्कलिफ्ट. आणि महिनाभरापासून कप्तानाची मान उजवीकडे वळत नव्हती, डावीकडे वळायला खळखळ करत होती.

ओझं घेऊन उतार उतरायचा तर उलटं उतरायचं, ओझं चढाच्या बाजूला ठेवायचं. हा पहिला धडा त्यानेच कित्येकांना शिकवला होता. उलटं यायचं म्हणजे मागे बघणं आलं आणि मागे बघायचं म्हणजे मान आली. इंजिनियरला कळलं असतं तर किल्ली काढून घेऊन त्याने कप्तानाला गोदामात हातमोजे वाटायला बसवलं असतं. यंत्रावरून उतरलो की आपण फक्त एक पोट सुटलेले, घोरणारे गृहस्थ उरतो, असं त्याचं मत होतं. बायकोचंही काही फार वेगळं नव्हतं.

म्हणून त्याने नाना युक्त्या केल्या. कुणी हाक मारली की तो अख्खाच्या अख्खा वळायचा, तेही इतकं सावकाश की लोकांना रुबाब वाटावा. शिवाय नशीब जोरावर होतं. खालच्या इमारतीचा माल ट्रक थेट खालीच नेऊन टाकत होते, उतार त्याच्या वाट्याला येतच नव्हता. दैवालाही आपली कदर आहे, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी मात्र ट्रकने फरशा वरच उतरवल्या. इशारे द्यायला उताराच्या कडेला हिरव्या जाकिटात त्याची मेहुणी उभी होती. यंत्र चालवायची परीक्षा तीही पास झालेली होती, पण कप्तान किल्ली सोडील तर ना. त्याने फरशांच्या लाकडी चौकटीखाली काटे घातले, वीतभर उचलले, ओझं किंचित मागे झुकवलं. इथवर सगळं झकास. मग मान आठवली. एवढासा तर उतार, सरळच जाऊ, बघतंय कोण, असं तो मनाशी म्हणाला. बघण्यासाठीच पगार घेणारी बाई पलीकडे उभी आहे, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

निम्म्यात चाक खड्ड्यात गेलं. चौकट पुढे घसरली, यंत्राचा मागचा भाग हलका झाला. मेहुणीने दोन्ही हात आडवे पसरले. कप्तान थांबला, त्याने काटे जमिनीला टेकवले, तरी वरच्या फरशा धडाधड समोर कोसळल्या. इशारे देणाऱ्याने समोर नाही, कडेला उभं राहायचं, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. ती कडेला होती. कप्तानाने इंजिन बंद केलं.

"दाजी, उलटं यायचं होतं ना?"

"मान वळत नाही." महिनाभर गिळलेलं वाक्य इतकं छोटं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"माहितीये. ताई पहिल्याच दिवशी बोलली. म्हणून तर ट्रकवाल्यांना मागच्या रस्त्याने खाली पाठवत होते. आज तो रस्ता खणलाय."

म्हणजे दैव ते हेच, हिरवं जाकीट घालून उभं.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे?"

"इंजिनियर सोडून सगळ्यांना. तुम्ही वळता कसे, त्याची सुतार नक्कल करतो. छान करतो." मग तिचा आवाज उतरला. "चुकलं माझंही. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत बसले. खाली कुणी असतं तर?"

आवाज ऐकून इंजिनियर पळत आला. कप्तान खाली उतरला आणि कुणी विचारायच्या आत म्हणाला, "साहेब, माझी मान वळत नाही. चूक माझी. किल्ली हिला द्या."

"आधी डॉक्टरकडे जा. मग बघू," इंजिनियर म्हणाला. "तोवर किल्ली हिच्याकडे."

फुटक्या फरशा बाजूला झाल्यावर पुढची चौकट मेहुणीने उचलली. कप्तान डॉक्टरकडे जायच्या आधी उताराच्या कडेला जाऊन उभा राहिला. ती उलटी येऊ लागली, मान पार मागे वळवून, नजर त्याच्या हातांवर ठेवून. डावीकडे, म्हटलं की डावीकडे. हळू, म्हटलं की हळू. पायथ्याशी त्याने दोन्ही हात पसरले आणि ती जागच्या जागी थांबली. इतक्या वर्षांत कप्तानाने हुकूम दिला आणि कुणीतरी तो पाळला, असं प्रथमच घडत होतं.

वरून सुताराने शीळ घातली. कप्तान त्याच्याकडे वळला. अख्खाच्या अख्खा, आणि नक्कल नीट जमावी म्हणून जरा जास्तच सावकाश.