झोपेत पाजलेलं पाणी

माझ्यामुळे कुमुदताईंना काय मिळायचं होतं, ते आधी सांगते. आदल्या संक्रांतीला दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या मराठी बायकांत हेमलताताईंनी स्टीलच्या डब्या लुटल्या होत्या, आणि त्या डब्यांचं कौतुक होळीपर्यंत पुरलं होतं. कुमुदताईंना ते कौतुक आपल्या दारात आणायचं होतं. भांडवल म्हणून त्यांच्याकडे मी होते.

मित्रांनो, मी अंदमानची भुईआमरी, म्हणजे जमिनीत वाढणारं ऑर्किड. आता बरीच जुनी झाले आहे. माझ्या कितीतरी बहिणी झाडांच्या फांद्यांवर बसून मिरवतात. मी रेताड मातीत पाय रोवून राहते. खारा वारा सोसते, महिनोन्‌महिने तहान सोसते. कुमुदताईंचे यजमान गुणवंतराव पोर्ट ब्लेअरला सरकारी नोकरीत होते. त्यांची दिल्लीला बदली झाली, तेव्हा मीही बादलीत बसून आधी बोटीने आणि मग रेल्वेने इथे आले. एशियाड नुकतंच होऊन गेलं होतं.

निघताना तिथल्या शेजारणीने कुमुदताईंना बजावलं होतं, "पानं गळली की ती झोपते. मग पाणी बंद. नवा कोंब दिसेपर्यंत थेंबसुद्धा नको." थंडीत माझे फक्त हिरवे कंद उरतात, छोट्या कांद्यांएवढे. बघणाऱ्याला वाटतं, गेलं झाड. चैत्रात मात्र दांडा कमरेपर्यंत चढतो आणि पोपटी फुलांनी भरतो. कुमुदताईंनी ते वाक्य पाळलं, म्हणून दिल्लीच्या थंडीतही मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात सुखाने झोपले.

डब्यांच्या पुढच्या संक्रांतीला त्यांनी मला झोपेतच फोडलं आणि हळदीकुंकवाला एकेक कंद वाण म्हणून दिला.

"हे काय गं कुमुद, वाण की भाजी?" वासंतीबाईंनी कंद नाकाशी नेला. "चलो, आज पिठल्यात टाकते."

"टाका ना! मग चैत्रात फुलं बघायला कुणाकडे जाल?"

वरच्या मजल्यावरच्या हेमलताताईंनी मात्र कंद पदरात घेतला. "हिचं काय काय करायचं ते नीट सांग बाई. माझ्या हातून चुकायला नको."

"काही नाही हो. रोज पाणी घालायचं, बस."

उरलेली मी कुंडीत होते. मी ऐकलं. शेजारणीचं वाक्य कुमुदताई विसरल्या नव्हत्या. सगळ्यांचे कंद कुजावेत आणि चैत्रात एकट्या त्यांच्या दारात फूल यावं, असा तो बेत होता. दिल्याचं पुण्य पदरात आणि फूलही घरात. मला तोंड असतं तर ओरडले असते.

पुढच्याच आठवड्यात त्या भावाच्या लग्नाला नागपूरला निघाल्या. किल्ली द्यायला जिन्यात आल्या, तेव्हा हेमलताताईंशी बोलत वासंतीबाईही उभ्या होत्या.

"आणि तुझ्या आमरीला पाणी?" हेमलताताईंनी आपण होऊन विचारलं.

कुमुदताईंनी हातातली किल्ली उगाच फिरवली. 'नको' म्हणावं, तर वासंतीबाई लगेच विचारणार, मग आम्हाला रोज का घालायला लावलंस?

"राहू दे हो, तुम्हाला कशाला त्रास. नाही घातलं तरी चालेल."

"अच्छा!" हेमलताताई म्हणाल्या. "आमचं रोज प्यायचं आणि तुझं उपाशी? चालेल कसं? बिल्कुल काळजी करू नकोस, मी आहे."

त्या होत्या, हीच तर भीती होती. रोज सकाळी स्वेटरच्या बाह्या सारून त्या तांब्या घेऊन खाली यायच्या. बाहेर धुकं असायचं. "एवढ्या थंडीत गार कसं देऊ गं तुला?" म्हणत कोमट करून आणायच्या. मित्रांनो, ते पाणी मायेचं होतं आणि मी त्यात बुडत होते. पानं नव्हती, मग पिणार कशाने? आधी मुळं काळी पडली. मग शेजारचा कंद मऊ झाला, मग त्याच्या शेजारचा. मी हाक मारायला एक पान तरी फुटतंय का बघितलं. फुटलं नाही. त्यांनी कुंडीवर हात फिरवला आणि आणखी थोडं ओतलं.

कुमुदताई परतल्या, तेव्हा कुंडीला वास येत होता.

"मी एक दिवस चुकवला नाही गं," हेमलताताई रडवेल्या झाल्या. "माझाही कंद गेला, तुझंही झाड घालवलं. माझ्या हातालाच यश नाही."

एक वाक्य पुरलं असतं. कुमुदताईंनी पदराशी चाळा केला आणि म्हणाल्या, "जाऊ दे, होतं असं कधीकधी."

कुंडी मागच्या भिंतीशी, छज्ज्याखाली रिकामी झाली. तिथे नळ नव्हता आणि माया करणारंही कुणी नव्हतं. काठावरचा एक कंद अजून टणक होता, तोच मी. कोरडी पडले, म्हणून जगले. पाऊसकाळात पानं आली, थंडीत गळली, आणि पुढच्या चैत्रात मी फुलले. कुमुदताईंनी मला लगेच उचलून पुढच्या व्हरांड्यात आणलं.

बायका जमल्या. वासंतीबाई म्हणाल्या, "मान गए, कुमुद! मेलेलं झाड उठवलंस." हेमलताताई लांब पायरीवरच थांबल्या. हात पाठीमागे धरून म्हणाल्या, "तुझ्या हाताला यश आहे हो. मी नाही जवळ येत. उगाच लागायची माझी दृष्ट."

मित्रांनो, कुणाला रोप दिलंत, तर त्याच्या झोपेची वेळही सोबत द्या. पाणी कधी घालायचं हे सगळेच सांगतात. कधी थांबायचं हेही सांगा, म्हणजे कुणाचे प्रेमळ हात उगाच बदनाम होणार नाहीत.

आता शेवटची गोळाबेरीज. कुमुदताईंना हवं होतं ते कौतुक मिळालं, अगदी हेमलताताईंच्या डब्यांपेक्षाही जास्त दिवस पुरलं. वासंतीबाईंचं एक वाण गेलं. माझे कंद गेले, पण ते मी पुन्हा धरले. वरच्या मजल्यावर गच्चीत हेमलताताईंची तुळस होती. 'माझ्या हाताखाली हीही जायची,' म्हणून त्यांनी ती वासंतीबाईंना देऊन टाकली. त्या गच्चीत नंतर एकही कुंडी आली नाही. जिने मला कोमट पाणी पाजलं, किंमत तिनेच भरली.