व्रोमनबाईंची पात्रता

“न्यायाधीशबाई, तुम्ही वकिलीच्या कॉलेजची पायरी तरी चढलाय का?”

ब्रेनाने विचारलं आणि गावच्या न्यायाधीशाच्या निवडणुकीच्या सभेसाठी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जमलेलं अख्खं गाव तिच्याकडे वळलं. मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणी जोडी आणि मेव्ह बाहीत तोंड खुपसून हसत होत्या. “हिंमत असेल तर विचार,” म्हणाल्या होत्या. आता, हिंमत तर हल्ली ब्रेनाच्या अंगात मावत नव्हती! पण टेबलामागे बसलेली न्यायाधीशबाई तिची सख्खी आई होती.

डार्लीन व्रोमनने चष्मा काढून डोळे चोळले. संध्याकाळच्या धारा काढून ती तशीच आली होती, बुटांना अजून गोठ्याचा चिखल होता. शेजारची दुसरी उमेदवार, शहरातून इकडे राहायला आलेली वकील ग्रेटा फेल्डमन, ताठ बसली होती.

“नाही चढले,” आई म्हणाली. “शाळा संपली, गोठा सुरू झाला. नंतर सरकारचं आठवडाभराचं शिबिर केलं. आपल्या गावाच्या कोर्टाला तेवढं चालतं. अडलं की राज्याच्या राजधानीत, आल्बनीला फोन करून विचारते. फेल्डमनबाई खूप शिकल्यात. त्यांना मत द्या.”

कॉफीच्या पिंपापाशी कुणीतरी ओरडलं, “बघा, कबूल तरी करते!”

“माझ्या कुत्र्यापायी मला दंड ठोकलास, डार्लीन! तरी मत तुलाच!” दुसरा एकजण ओरडला.

टाळ्यांचा नुसता कडकडाट. ब्रेनाने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली आणि दुसरी मारणार, तोच तिला आई दिसली. आई हसत होती, पण खांदे पार पडले होते. अपरात्री पोलिसांचा फोन वाजला, कुणाला तरी तिच्यासमोर उभं करायचं असलं, की पडायचे तसे.

घरी जाताना बाबा गाडी चालवत म्हणाले, “लेकीने निवडणूक जिंकून दिली की तुला!”

“मला वाटलं, या प्रश्नावर तरी सुटेन,” आई काचेला डोकं टेकून म्हणाली.

ब्रेना मागच्या सीटवरून पुढे वाकली. “मग उभी कशाला राहिलीस?”

“दारात येतात गं सगळी. ‘तुझ्याशिवाय कोण आहे, डार्लीन?’ अशी तोंडं करून उभी राहतात. नाही म्हणायला जीभच उचलत नाही माझी. आता आणखी चार वर्षं.”

घरी बाबांनी सूप गरम करून वाढलं. आईने एक चमचा तोंडात घातला, दुसरा भरला आणि तो हातात धरून तशीच पेंगायला लागली. बाबांनी चमचा अलगद काढून घेतला.

ब्रेनाने खुर्ची मागे सरकवली. आईने दचकून डोळे उघडले.

“ऐका दोघंही,” ब्रेना म्हणाली. “उद्या शाळा सुटली की मी फेल्डमनबाईंच्या प्रचाराला जाणार. आणि त्यांची पहिली पाटी आपल्याच कुंपणावर लावणार.”