चिमूटभर लाल

दोघी बहिणींचं यंत्रं बनवायचं वर्कशॉप होतं. थोरली आराखडे काढायची, धाकटी वेल्डिंग करायची. टाइल्सच्या कारखान्याचा मॅनेजर त्यांच्याकडे आला तो रडकुंडीला येऊनच. मातीत लाल रंगाची पूड मिसळायची होती, अगदी चिमूटचिमूट, पण न थांबता. पूड मात्र महाहट्टी. नरसाळ्यात एकदा बसली की बसली. खाली तोंडाशी पोकळी आणि वर पुडीचीच कमान! मग कामगार हातोडे घेऊन पत्र्यावर तुटून पडायचे आणि पूड कोसळायची ती भसकन. एक टाइल फिकट, तर पुढची रक्तासारखी.

थोरलीने आधी सरळ हिशेब केला. थोडंच द्यायचंय ना? मग तोंड लहान, आत पूड पुढे ढकलणारा बारीक स्क्रू. चाचणीत स्क्रू गरगर फिरला, पूड जागची हलेना. मग व्हायब्रेटर लावला, तर ती विटेसारखी घट्ट झाली.

"ताई, ही आपला अंत बघतेय," धाकटी वैतागली.

थोरलीला घास गोड लागेना. शेवटी तिने पुठ्ठ्याला भोकं पाडली, लहान, मोठी, आणखी मोठी, आणि वरून पूड ओतली. लहान भोकांवर ती कमान धरून बसली. पंजाएवढ्या भोकातून मात्र आपसूक खाली आली. थोरलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तोंड आवळून भागणार नाही, चाल मंद करायला हवी!

नव्या यंत्राचं नरसाळं उभ्या भिंतींचं, खाली सताड उघडं. त्याखाली गोगलगायीच्या चालीने फिरणारी थाळी आणि कडेला पूड खरवडून पाडणारी पाती.

मॅनेजरने कपाळाला हात लावला. "बाई, चिमूटभर हवंय हो, आणि तोंड हौदाएवढं?"

"चालू तर करा," थोरली म्हणाली.

थाळी फिरली. पातीपाशी लाल पूड झरू लागली, बारीक, एकसारखी. संध्याकाळ झाली तरी धार तुटली नाही, हातोड्याला कुणी हात लावला नाही. भट्टीतून टाइल्स निघाल्या त्या जुळ्या बहिणींसारख्या. मॅनेजर दोन टाइल्स घेऊन ज्याच्या-त्याच्यापुढे नाचवत सुटला, "पहिली कुठली, शेवटची कुठली, सांगा बघू!"

धाकटीने थोरलीला कमरेत धरून उचललंच.

"अगं सोड, पडेन मी!"

"पड की! फक्त एकसारखी पड."