पितरांच्या वाटचा मध

गुरुजींनी फोनवर "आलोच" म्हटलं, म्हणून रमाकांतकाकांनी जेवणाआधीची नवी गोळी घेऊन टाकली. मधुमेहाची जुनी गोळी सकाळी चहाबरोबर गेली होतीच. वडिलांचं श्राद्ध, पिंडदान होईपर्यंत काका उपाशी. दीड वाजला तरी गुरुजी लांब समा भागातच, आधीच्या यजमानांच्या घरी अडकलेले.

दर्भ मोजताना काका तिसऱ्यांदा चुकले. कपाळ घामानं डबडबलं होतं.

"काका, बोट द्या," मोहना म्हणाली.

"पुतणी बायोकेमिस्ट झाली म्हणून मी काय उंदीर?"

साखर मोजायच्या यंत्रानं ५२ दाखवलं. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरलेली. मंदाकिनीकाकूंनी साखरेचं पाणी पुढे केलं. "प्या. पाण्यानं उपास मोडत नाही."

पंधरा मिनिटांनी ५१. काकांची जीभ जड झाली. मोहनाला ते 'ताई' म्हणू लागले.

"अजून घाल साखर!" काकू ओरडल्या.

मोहनाचा हात डब्यावरच थांबला. पोटात गेलेली साखर रक्तात का येत नाही? तिनं नव्या गोळीचं पाकीट उलटं करून नाव वाचलं. ही गोळी आतड्यात साखर लवकर फुटूच देत नाही. खीर, भात, सगळ्याचं तेच. सुटं ग्लुकोज हवं होतं, आणि दांडिया बाजारातला औषधवाला दुपारचा बंद. काका गिळू शकत होते तोवरच वेळ होता.

पिंडाच्या ताटात मधाची वाटी होती. मधात बरंचसं ग्लुकोज सुटंच असतं.

तिनं वाटी उचलताच काकांनी मनगट धरलं. "ते... पितरांचं."

काकूंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. "सासरे माझे होते. त्यांना काय सांगायचं ते मी सांगते. गिळा."

मोठा चमचाभर मध. पंधरा मिनिटांनी ६३. आणखी चमचाभर. ८४.

"मोहना," काका म्हणाले, "हात चिकट झालेत गं."

गुरुजी आले तेव्हा काका वरणभात कालवत होते.

"अहो, पिंडाआधी?"

"बसा गुरुजी," काकू म्हणाल्या. "आधी यांचं होऊ दे."

मोहनानं घड्याळ पाहिलं. साखर उतरवणाऱ्या सकाळच्या गोळीचा जोर अजून ओसरला नव्हता. तासाभरानं पुन्हा बोट टोचावं लागणार होतं, आणि त्यानंतरही.