सासूबाईंची ताटली

"यंत्राला बाळाच्या कानांकडून उत्तर मिळालं नाही. दुसऱ्या तपासणीला नक्की या," असं सरकारी दवाखान्यातल्या नर्सने निघताना बजावलं होतं. घरी सासूबाईंनी पाळण्याच्या कठड्यावर ताटली आपटली आणि बाळ दचकलं. "बघ! माझ्या नातीचे कान किती तिखट आहेत!" आईला तेच ऐकायचं होतं. तिने तपासणीचा विषय सोडून दिला.

मग एका सकाळी ती ताटली सासूबाईंच्या हातून निसटून स्वयंपाकघरात फरशीवर पडली. नवरा चहासकट उडाला, शेजारीण धावत आली. पाळण्यातलं बाळ मात्र ढिम्म, आपली मूठ चोखत पडलेलं. आईच्या आत्ता लक्षात आलं. तेव्हा ते आवाजाला नाही, पाळण्याच्या हादऱ्याला दचकलं होतं!

तिने तडक दवाखाना गाठला. "वेळेवर आणलंत, बोलायला शिकेल ती," डॉक्टर म्हणाल्या. काही आठवड्यांत इवलीशी श्रवणयंत्रं कानांवर बसली. "चिमणे," आईने हाक मारली. रडता रडता बाळ थांबलं, डोळे मोठे करून तिच्याकडे बघत राहिलं आणि खुदकन हसलं.

"झालं!" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आता हिच्यासमोर कुणाची उणीदुणी काढायची सोय राहिली नाही!"

तुमच्या नात्यात नुकतं बाळ जन्मलं असेल, तर त्याच्यासाठी एवढं करा: आजच फोन करून कानांच्या तपासणीचं विचारा. "ताटली वाजवली की दचकतं की!" असं उत्तर आलं, तर फोन ठेवू नका.